कूलरमध्ये करंट शून्य

अगं, हसू नकोस, पण परवा आमच्या कूलरने मला झटका दिला. आमचा पिंकू नुकता रांगायला लागलेला आणि सारखा त्या कूलरकडेच जातो, माझा जीव थाऱ्यावर नाही. ह्यांनी बाड्यावरच्या बाजारातून करंट मोजायचं मल्टीमीटर आणलं, कूलरला पिना टेकवल्या आणि म्हणाले, "शून्य! बेफिकर हात लाव."

मी म्हटलं, "अहो, आधी टीव्ही चालतोय त्या बोर्डात पिना घालून दाखवा."

"डरपोक कहीं की!" म्हणत त्यांनी घातल्या, तर तिथेही शून्य!

मीटरचं बटण सेल तपासायच्या खुणेवर होतं. ते घरच्या विजेच्या खुणेवर फिरवून पुन्हा कूलरला पिना टेकवल्या, तर आकडा सरसर चढला.

ह्यांनी पळत जाऊन मेन स्विच बंद केला आणि माझ्यावरच ओरडले, "तरी मी म्हणत होतो, हात लावू नकोस!"