निम्म्या मानाचा वकील

…न्हाई, हसू नका, तुमाला सांगतो, वकिलापरीस चोर बरा. चोर एकदाच येतो, अन जाताना 'पुढली तारीख' म्हनत न्हाई. आमी नेकनूरचे, तीन वकील भोगलेत, अन कशापायी, तर पोळ्याच्या मानापायी. येशीच्या तोरनाखालून पहिला बैल आमचा जायाचा, आज्याच्या आज्यापासनं, अन एका साली शेजारचा बद्रीनाथ उठला, म्हनला, 'पहिला बैल माझा,' अन घातला की पुढं. झालं. आमच्या बानं, सटवानं, तिथंच शपथ घातली, मान परत येईस्तोवर येशीतून पाऊल टाकनार न्हाई. तवापासनं तीन साल ह्यो साठ वर्साचा मानूस घरला यायचं तर गावकुसाच्या भिताडावर चढायचा अन आत उडी मारायचा. खाली कडबा मी हातरायचा.

मंग बीडला अदालतीत गेलतो. पहिला वकील मोहनराव. ह्याचं दर पेशीला तीन रुपये. काम काय, तर उभं ऱ्हायचं अन मुन्सिफसायबाला म्हनायचं, 'हुजूर, आज मला खोकला हाय.' पडली तारीख. मी इचारलं, वकीलसायब, खोकला जाईल कवा? तर म्हनला, 'कसा जाईल उत्तरेश्वर? घर चालतंय त्याच्यावर.' अकरा पेश्या खोकला मानूस. सोन्या बैल इकला आमी. थू… चोर बरा.

दुसरा ख्वाजामियाँ. लई गोड, बसा म्हनायचा, पान द्यायचा. ह्याचं पेशीला काही न्हाई, अर्जीच्या ओळीला चार आने. मी म्हनलं, आमचं म्हननं एका ओळीचं हाय, 'पहिला बैल आमचा', चार आन्यात भागलं. अर्जी उर्दूत, अन उर्दू म्हंजे आमाला मुंग्या चालल्यागत. सत्तर ओळी झाल्या. एकाकडनं वाचून घेतली, तर साठ ओळी मुन्सिफसायबाला सलाम, नऊ ओळी त्यांच्या वाडवडलांना दुवा, अन शेवटाला कोपऱ्यात बैल. मी म्हनलं, एवढे सलाम कावून? 'अदब के बगैर इन्साफ कैसा मिलता, मियाँ?' आवो, एवढी अदब मी सासऱ्याला दाखवली न्हाई. अशा तीन अर्ज्या. दुसरा बैल, हौश्या, तो सलामातच गेला. सांगा, चोरानं कवा सलाम करून पैसे मागितलेत?

तिसरा राधाकिशन. ह्यो म्हनला, 'आगाऊ एक छदाम नको. हारला तर फुकट. जितला तर मिळंल त्याचं निम्मं माझं.' मी मनात म्हनलं, गावलं येडं. मानाचं निम्मं कसं नेनार बे, पिशवीत भरून? गपकन अंगठा दिला अन नेकनूर येईस्तोवर हसत आलो. माझी हुशारी अशीच हाय, आधी हसू येतं.

अन मानूस जितला की. एका पेशीत. हुकूम निघाला, ह्या पोळ्याला सटवाच्या घरचा मानकरी पहिला जाईल, दिवस मावळायच्या आत न्हाई गेला तर मान बद्रीनाथाचा.

पन जानार कोन? बैल दोन्ही वकिलांच्या पोटात. पोळ्याच्या दिवशी बैल उसना मागायचा म्हंजे दुसऱ्याच्या लग्नात नवरदेव उसना मागायचा. सारं गाव तोरनाखाली, बद्रीनाथ बैल सजवून टपलेला, दिवस कलला, बा गपचूप भिताडाकडं बघाया लागला… अन तेवढ्यात टांग्यातून राधाकिशन उतरला. 'माझं निम्मं न्यायला आलोय.'

मी म्हनलं, सायब, मान हाय, बैल न्हाई.

त्यानं ऐनक लावली, हुकूम काढला, वाचला, घडी घातली. 'ह्यात मानकरी लिवलंय, बैल लिवला न्हाई. निम्मा मानकरी मी हाय. मी जातो.'

बा उठला. 'उत्तऱ्या, झूल आन.'

घातली झूल. गळ्यात घुंगरमाळ. शिंगं न्हाईत म्हनून पगडीला बेगड. बद्रीनाथ वरडला, 'ह्यो काय बैल हाय?' पाटलानं हुकूम उलटापालटा करून बघितला, म्हनला, 'कायद्यानं जाऊ द्या.' गेला. त्याच्या मागनं कासरा धरून आमचा बा, तीन सालांनी, येशीतून, डोळ्याला धोतराचा सोगा लावून. आता अशा टायमाला हसावं का रडावं, तुमीच सांगा.

दारात आईनं राधाकिशनच्या पायावर पानी घातलं, कुंकू लावलं, पुरनपोळी तोंडाशी धरली. खाल्ली त्यानं. उपरन्याला तोंड पुसलं अन मला म्हनला, 'ही बैलाची झाली. आता वकिलाचं पान वाढ.'