कशावरून, अज्जा?

माझा जन्म मैंदर्गीचा. घरात कन्नड, शाळेत मराठी, त्यामुळं मार बसायचा तो दोन्ही भाषेत. पहिलीत असताना मी मास्तरांना विचारलो, सातनंतर आठच का येतात, तर मास्तर म्हणाले हात पुढं कर, आन् छडीनं मोजूनच दाखवले, सातवीनंतर आठवी बसली. पटलं मला. तेव्हापासून मी आयुष्यात कुणाला का म्हून विचारलो न्हाय. सोलापुरात आलो, टॉवेलच्या कारखान्यात लागलो, मालक लाल पट्टी म्हणाला की लाल, निळी म्हणाला की निळी. चाळीस वर्षं. लग्नसुद्धा तसंच केलो, पण ते चांगलं निघालं.

आता काय सांगू तुमाला, जे सांगायचंय ते लाडवाचं हाय. लिहा तुमी, काही झाकू नका. लई दिवस झाकून ठेवलो मी.

शुक्रवार पेठेत आमचं घर, त्याच्या पुढच्या खोलीत बालवाडी भरते. सुनंदाबाई शिकवतात. पहिल्या दिवशी मला वाटलं आता पाढे सुरू व्हतील, तर बाईंनी पिशवीभर गुंड्या ओतल्या जमिनीवर आन् पोरांना म्हणाल्या, लावा बघू. कुणी रंगानं लावलं, कुणी भोकं मोजून. एका पोरानं आवडत्या आन् नावडत्या असे दोन ढीग केले, तर बाई त्यालापण शाब्बास म्हणाल्या. मी म्हणालो, बाई, हे शिक्षण हाय का बोहारणीचं दुकान? बाई म्हणाल्या, अज्जा, लेकरू ढीग करतंय म्हंजे विचार करतंय. आन् प्रत्येकाला एकच विचारायच्या, कशावरून? ही गुंडी हितं ठेवलीस, कशावरून? हा मोठा म्हणतोस, कशावरून?

मला सगळी पोरं अज्जाच म्हणतात, कन्नडमधला आजोबा. एकदा बाईंनी माझाच चहा घेतला पोरांपुढं. कपातला बशीत ओतल्या आन् विचारल्या, आता चहा वाढला की कमी झाला? सगळी पोरं ओरडली, वाढला! कशावरून? पसरलाय की! कोपऱ्यात सना बसलेली, रिक्षावाल्या रफिकची, पाच वर्षांची. ती म्हणाली, चहा तेवढाच हाय, कपात उभा व्हता, आता झोपलाय. बाईंनी टाळ्या वाजवल्या. चहा गार झाला, पण मी तसाच प्यालो, झोपलेला.

मग ते कशावरून बोळात शिरलं की. पोरगं झोपत न्हाय म्हून आई म्हणायची बागुलबुवा येतोय, पोरगं डोळे उघडून विचारायचं, कशावरून? दुकानदार म्हणाला गोळ्या संपल्या, तर पोरानं बरणीकडं बोट केलं आन् कशावरून. लोक माझ्याकडं तक्रार घेऊन यायचे, तुमच्या घरात पोरं बिघडायला लागलीत म्हून. मी हसायचो. माझ्यावर वेळ आली न्हवती अजून.

मला साखरेचा आजार हाय. सून रेखा, चांगली हाय, पण गोडाच्या बाबतीत जेलरबाई. आन् बालवाडीचं कपाट माझ्याच खोलीला लागून, त्यात पोरांच्या राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा. कपाटाला कुलूप, किल्ली मदतनीस मालनबाईकडं, ती मला मामा म्हणते. पण कपाट मूळचं माझं. दुसरी किल्ली माझ्या करदोड्याला, हे कुणाच्या ध्यानातच न्हवतं. दुपारी पोरं गेली की एक लाडू. रोज एकच, मी काय हावरट न्हाय.

एक दिवस लाडू कमी पडले. बाई म्हणाल्या, उंदीर असणार. सना म्हणाली, न्हाय, उंदराला कुलूप लावता येत न्हाय. बाई लई खूश. म्हणाल्या, मग कोण असेल, विचार करा. पोरं विचार करायला लागली, आन् मला घाम फुटला. एक म्हणालं, आमच्यातलं कुणी न्हाय, कपाट उंच हाय. मोठं माणूस हाय. किल्ली पाहिजे. सना इकडं तिकडं बघत बघत माझ्याकडं बघायला लागली, आन् माझ्या तोंडातून निघून गेलं, किल्ली मालनबाईकडंच असते की.

खोलीत तीन-चार आया व्हत्या, बाई व्हत्या, रेखा व्हती. एकानंही मला विचारलं न्हाय, कशावरून. सना एकटी म्हणाली, कशावरून, अज्जा? मी म्हणालो, चूप, मोठ्या माणसाला असं विचारत नसतात. छडी तेवढी न्हवती हातात, न्हायतर तोच मास्तर.

दाराशी उभ्या मालनबाईनं किल्ली टेबलावर ठेवली आन् गेली. परत कामाला आली न्हाय.

आन् पुढची गंमत ऐका. ती गेल्यावर मी लाडू सोडले, घशाखाली उतरंनात. लाडू बरोबर भरायला लागले, तर सगळे म्हणायला लागले, बघा, ती गेली आन् चोरी थांबली! मी सुधारलो तोच तिच्यावर पुरावा झाला. असं वर्ष काढलो.

परवा सना बालवाडी संपवून पहिलीला निघाली. निरोपाला सगळे जमलेले. मी उभा राहिलो आन् म्हणालो, लाडू मी खाल्लो व्हतो. कुणी विश्वास ठेवंना! बाई म्हणाल्या, अज्जांचं मन किती मोठं, दुसऱ्याचं अंगावर घेतात. रेखा म्हणाली, साखर वाढली की असं बडबडतात. आयुष्यभर खरं बोलणारा म्हून नाव व्हतं, त्याचं हे फळ.

मग सना पुढं आली. कशावरून, अज्जा?

मी सदरा वर करून करदोड्याची किल्ली काढलो. ती म्हणाली, ह्याच कुलपाची कशावरून? लावून दाखवलो. खट्ट. सना बाईंना म्हणाली, आता बरोबर. रेखा एवढंच म्हणाली, आन् गोळ्या? गोळ्या घेऊन वर लाडू?

मी एकटाच गेलो मालनबाईकडं. दारात बसून विड्या वळत व्हती, मान वर केली न्हाय. मी सगळं सांगितलो. म्हणाली, मला ठाऊक व्हतं, मामा. मी म्हणालो, कशावरून? म्हणाली, तुमच्या मिशीत राजगिरा असायचा की. मग तवाच का बोलली न्हाईस, बाई? तर म्हणाली, सगळ्यांनी तुमाला कशावरून विचारलं न्हाय, तुमी मालक. मला सगळ्यांनी विचारलं असतं. मी हात जोडलो. तिनं सूप बाजूला सारलं, म्हणाली, सोमवारपासून येते, पण दोन्ही किल्ल्या माझ्याकडं.

आता येती. करदोडा हलका झालाय माझा. नवी पोरं आलीत, गुंड्या ओततात, मला कशावरून विचारतात आन् मी सांगतो, येत नसलं तर येत न्हाय म्हणतो. विचारत ऱ्हावं पोरांनी, देव त्यांना तोंड देवो. मालनबाई मात्र जाताना रोज माझ्या तोंडाकडं बघून जाते. मी म्हणालो, मिशीच काढून टाकतो बघ, तुझी शंका तरी मिटेल.

ऱ्हाऊ द्या, मामा, म्हणाली. ह्या घरात पहिल्यापासून खरं बोलणारी तेवढीच एक हाय.