पोपटीला नेमकं काय झालं होतं

…नाही हो, दुरुस्त झाली, हेच तर दुखणं आहे! ओढत आणली असती तर निदान मोकळेपणी रडता तरी आलं असतं. पण ती स्वतःच्या चाकांवर डुलत डुलत घरी आली, आणि आता अख्खं तेर गाव मला विचारतंय, "निकिता, बिघाड काय होता गं?" आणि मी… चेन्नईत सहा वर्षं गाड्यांचं इंजिनिअरिंग शिकून आलेली मी… सांगते काय, तर "माहीत नाही"!

तुम्हाला सांगते, आमच्या सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं होतं : एका वेळी एकच गोष्ट. गाडी बिघडली की एकच गोष्ट बदलायची, सुरू करून बघायची, मग दुसरी. दोन एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर गाडी सुटते, तुम्ही अडकता! हे एवढं वाक्य घेऊन मी गावाला परत आले. का? तर मला इथं कार्यशाळा काढायचीय. पोरापोरींनी पाण्याची मोटर खोलायची, शिलाई मशीन खोलायचं, आत डोकवायचं, परत जोडायचं. जे दुरुस्त होतं ते भंगारात घालायचं नाही, म्हणजे नाही!

आता जागा हवी. जागा आमच्या चुलत्यांची, उत्तरेश्वर आप्पांची, रस्त्याकडंची पत्र्याची शेड. मी अर्धा तास तळमळून बोलले. आप्पांनी सुपारी संपवली आणि म्हणाले, "भाषण ग्वाड हाय. पर शेडात मला सोयाबीन ठिवायचंय. असं कर, ती चाँदपाशाच्या अंगणातली पोपटी धाराशिवला नेऊन माघारी आण. सवताच्या पायानं आली तर शेड तुजी. दोरीनं आली तर सोयाबीनची."

पोपटी म्हणजे सत्तेचाळीस वर्षांची मोटार. गोल डोळे, गिअर स्टिअरिंगला, मागच्या सीटवर कोंबडीची अंडी. चाँदपाशाचाचा डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर. आम्ही दोघांनी चार महिने तिला खोललं, घासलं, जोडलं, आणि एप्रिलमधल्या एका सकाळी निघालो. मी चालवतेय, शेजारी चाचा, चाचांच्या मांडीवर माझी नोंदवही. गावाबाहेर येतो न येतो तोच रस्त्यात सारजाबाई आडव्या! आमच्या शेजारीण, सत्तरीच्या.

"रिकामी गाडी चाललीय व्हय?"

"मावशी, ही चाचणी आहे, बंद पडेल कुठंतरी…"

"पडू दे की. यष्टी काय पडत न्हाय का?"

आणि बसल्यासुद्धा! आपल्याकडं रिकामी गाडी पुढं काढणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं. गाडी काढली. आणि आमच्या मागून कोण येतंय? आप्पा! ट्रॅक्टरवर! मांडीवर दोरीचं वेटोळं! म्हटलं, "आप्पा, एवढा विश्वास?" तर म्हणे, "मी आपला हवा खायला आलोय."

जाताना पोपटी अशी पळाली की चाचा दोनदा "माशाल्ला" म्हणाले. धाराशिवला सारजाबाईंचा बाजार झाला, उसाचा रस झाला, दुपारी एकला परत फिरलो. ऊन असं की डांबर चिकटतंय. निम्म्या वाटेत चढ लागला आणि… खुर्र… खुर्र… फुस्स.

खरं सांगू? मला आनंद झाला! म्हटलं, चला, बिघाड आला, आता पद्धत दाखवता येईल. उतरले. प्लग काढून पाहिला, ठिणगी झकास. म्हणजे पेट्रोल पोचत नाही. का पोचत नाही? पंप तापला असेल, फिल्टरमध्ये कचरा असेल, नाहीतर टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल. वहीत तिन्ही लिहिलं, खाली रेघ मारली आणि सगळ्यांना बजावलं, "कुणीही कशाला हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट! आधी फिल्टर."

वाकले. फिल्टर काढला, फुंकला, बसवला. दोन मिनिटं हो, फक्त दोन मिनिटं मान खाली! वर बघते तर चाचांनी स्वतःचा रुमाल भिजवून पंपाला गुंडाळलाय, "बेटी, बुखार चढ्या था उसकू." सारजाबाई मीठ-मिरच्या घेऊन बॉनेटभोवती दृष्ट काढतायत. मिरच्या बाजारातल्या, ताज्या! एक मेंढपाळ, कुठून उगवला देव जाणे, पोपटीला मागून गदागदा हलवतोय, "हाललं म्हंजी उतरतंय खाली!" आणि आप्पा… आप्पांची दोरी रस्त्यात पडलेली, आणि स्वतः टाकीचं झाकण उघडून तोंड लावून आत फुंकतायत! डोळे लाल, मिशीला पेट्रोल!

मी ओरडले, "आप्पा! तुम्हाला तर बंद पडायला हवी होती ना?"

मिशी पुसत म्हणाले, "हवी हुती की. पर उन्हात बंद पडलेली बगवंना गं, पोरी."

माझे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात चाचांनी किल्ली फिरवली, आणि पोपटी… घुर्रर्र! सुरू! मी किंचाळले, "बंद करा! बंद करा! कशानं सुरू झाली ते कळू दे!" ऐकतंय कोण? चाचा म्हणतात रुमाल, आप्पा म्हणतात फुंकर, मेंढपाळ म्हणतो हलवणं. आणि सारजाबाई तेवढ्यात मागची सीट सोडून पुढं येऊन बसलेल्या, त्या म्हणतात, "मी फुडं बसले, म्हणून वजन जुळलं!" चाचा बिचारे मागं, मांडीवर वांगी. संध्याकाळी शेडची किल्ली आप्पांनी माझ्या हातात ठेवली. शेड मिळाली हो, पण कार्यशाळेत पहिल्या दिवशी शिकवू काय? फुंकर?

म्हणून म्हटलं, आता उलटं जाऊ. रोज त्याच वेळी, त्याच उन्हात, त्याच चढावर गाडी न्यायची आणि एक-एक उपाय काढून टाकायचा. एका वेळी एकच गोष्ट! सोमवारी रुमाल काढला. पळाली. मंगळवारी आप्पांना म्हटलं फुंकायचं नाही. रुसले, पण पळाली. बुधवारी हलवलं नाही, गुरुवारी दृष्ट नाही, शुक्रवारी फुंकलेल्या फिल्टरमध्ये मुद्दाम परत कचरा घातला… पळतेच आहे! बिघाड येतच नाही! अहो, सगळी कारणं संपली, वही संपत आली, आता तपासायची राहिलीय एकच गोष्ट.

आणि ती गोष्ट रोज दुपारी बारालाच पुढच्या सीटवर येऊन बसते, मांडीवर पिशवी घेते, काच खाली करते आणि म्हणते, "चल गं, का थांबलीस?"

उतरा म्हणून सांगायचं… तुम्ही सांगता? मी तर वहीत "कारण : वजन जुळलं" असं लिहून टाकलं.