दोन दातांचा अंदाज

आज दोन दातांपैकी एकच काढायचा, असं ठरवून निवृत्त शिक्षिकाबाई दवाखान्यात जीव मुठीत धरून बसल्या होत्या. शेजारी एक आजोबा आणि दोन दात काढायला आलेली त्यांची नात.

"आजोबा, दोन दात म्हणजे दुप्पट दुखणार."

"छे गं. जन्मभर कारखान्यांच्या खर्चाचे अंदाज बांधले मी. टाकी दुप्पट केली तरी खर्च दीडपटच येतो. खोदकाम एकदाच, क्रेन एकदाच."

"इथे कुठे क्रेन?"

"इंजेक्शन आहे की. दात शेजारीशेजारी, म्हणून एकच."

"तुमचा अंदाज चुकला तर?"

"त्यासाठी वर दहा टक्के धरतो."

"तेवढंच रडेन मग."

"मंजूर."

"आइस्क्रीम मात्र दोन. दीड नाही. तिथे खोदकाम नसतं."

तेवढ्यात बाईंचा नंबर आला. डॉक्टरांनी विचारलं,

"बाई, आज एकच काढायचा ना?"

"दोन्ही काढा. शेजारीशेजारीच आहेत."