बोणीचा ठोसा

...मुद्दाम हरलो म्हणतात! मी, बालाजीराव, मुद्दाम हरलो! अहो, हरायला मला मुद्दाम काही करावं लागतं का? सीतालक्ष्मीशी लग्न झाल्यापासून रोज हरतोय, तेव्हा कोणी चौकशी बसवली नाही, आणि आता शेजारचा व्यंकोजी, स्वतः प्लास्टिकच्या बादल्या विकणारा माणूस, गिऱ्हाइकांसमोर मला विचारतो, "काय बालाजीराव, काउंटर वाचवलंत म्हणे!" तुम्हीच ऐका आणि तुम्हीच सांगा.

तुम्हाला माझं दुकान ठाऊक आहे. वेस्ट मांबलमला स्टेशनाकडून आलात की उजव्या हाताला, मिक्सी आणि ग्राइंडर, विक्री आणि दुरुस्ती. शाळेत मी फार रमलो नाही, पण दुकान मला दुकानानंच शिकवलं, आणि काय शिकवलं? जे धावतं ते हातापाशी, जे बसून राहतं ते माळ्यावर. मिक्सीच्या झाकणाचं रबर रोज जातं, ते गल्ल्याशेजारी. लग्नाच्या हॉलचा मोठा ग्राइंडर दिवाळीत एखादा जातो, तो माळ्यावर. वेद आहेत हे माझे, दुसरे मला येत नाहीत.

आता माझी मुलगी नंदिता. सिरुसेरीला मोठ्या कंपनीत आहे, बसनं जाते, बसनं येते, आणि आली की जेवणाच्या टेबलावर गेमचे कंट्रोलर उघडून बसते. लोकांचे! कोणाची बटनं बदलायची, कोणाची स्प्रिंग मऊ करायची, कोणाच्या पाठीमागे जास्तीचे खटके बसवायचे, आणि कुठल्या बटनानं काय व्हावं ते त्या माणसाच्या हाताप्रमाणे लावून द्यायचं. सोल्डरचा धूर थेट स्वयंपाकघरात. सीतालक्ष्मी म्हणते, रसमला आता शिशाची फोडणी. म्हणून नंदिताला हवं होतं माझं अर्धं काउंटर, शनिवार-रविवार. मी म्हटलं, कंपनीतली मुलगी, खेळण्यांची दुरुस्ती करणार? लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही एकदा खेळून बघा, मग बोला."

आणि खेळलो की हो मी! तुम्हाला सांगतो, टीव्हीवर दोन गडी एकमेकांना बदडतात आणि आपण सोफ्यावर बसून घाम गाळतो. डाव्या अंगठ्याखाली पुढे, मागे, उडी; मागे दाबून धरलं की आपला गडी हात आडवे करून मार अडवतो. उजव्या अंगठ्याखाली ठोसे आणि लाथा. वरच्या कडेला आणखी चार बटनं, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. पण ती मांडणी! कोणी केली होती? हवेत उडून मारायची मोठी लाथ, जी जन्मात एकदा लागते, ती अंगठ्याच्या ऐन खाली, आणि हलका ठोसा, ज्याच्यावर घर चालतं, तो वरच्या कोपऱ्यात! म्हणजे झाकणाचं रबर माळ्यावर आणि लग्नाचा ग्राइंडर गल्ल्यात! मी नंदिताला म्हटलं, हे दुकान कोणी लावलं? ती हसली, म्हणाली, बदलता येतं, अप्पा. येतं? बदलता येतं? मग मला कोण अडवणार? जे धावतं ते हातापाशी! हलका ठोसा अंगठ्याखाली, मोठी लाथ पार वर, आणि डाव्या तर्जनीखाली एक "पकडून आपटणं" होतं, ते काढून उजवीकडे.

"ते का हलवलंत?" ती म्हणाली. "सगळे तिथंच ठेवतात."

मी म्हटलं, अगं, डाव्या हातानं मी गिऱ्हाइकाला साधं रबर देत नाही, आणि एवढा सणसणीत मार देऊ? डावा हात देण्याचा नाहीच. आणि गंमत बघा, डाव्या हाताला देण्याचं काम नाही म्हटल्यावर तो एकच काम शिकला, नाही म्हणण्याचं. समोरचा मारतोय, मी अडवतोय, तो लाथ घालतोय, मी अडवतोय, भाव उतरवायचाच नाही! समोरचा थकतो, एक चूक करतो, की उजव्या हातानं हलका ठोसा, त्यामागे दुसरा. नंदिता डोळे मोठे करून बघत राहिली. मग म्हणाली, वेलचेरीला जोड्यांची स्पर्धा आहे, माझी जोडीदार बंगळूरला गेली, तुम्ही येता? आणि पैज. कप आणला तर अर्धं काउंटर माझं, नाही आणला तर परत विषय काढणार नाही.

बघितलंत फास? मी तिच्या बाजूनं खेळायचं, आणि जिंकलो तर माझंच काउंटर जायचं! पण खरं सांगतो, त्या दिवशी माझ्या डोक्यात काउंटर नव्हतं. पिवळ्या कापडी पिशवीत माझा कंट्रोलर, शेअर ऑटोत माझ्या मांडीवर, आणि छातीत असं काही धडधडत होतं, की लग्नाच्या दिवशी धडधडलं नसेल.

मॉलचा वरचा मजला, सगळी माझ्या मुलीच्या वयाची पोरं, एकानं मला विचारलं, अंकल, एसीवाले तुम्हीच का? स्पर्धेचा नियम असा, की जोडीतला एक हरेपर्यंत दुसरा बसून. आणि नंदिता हरेचना! आली जोडी, पाडली. आली जोडी, पाडली. मी सकाळपासून नुसता बसलेलो, कंट्रोलर पिशवीतच. दुकान उघडून बसावं आणि एक गिऱ्हाईक फिरकू नये, तसं. शेवटच्या फेरीत पलीकडची एक पाडली, आणि दुसऱ्या मुलीकडून नंदिता हरली. ती मुलगी श्रीनिधी, कॉलेजातली, एवढीशी, चष्मा, केसांत मोगरा. आता तिच्यासमोर मी, आणि माझ्या हातात नंदिताचा कप.

खेळण्याआधी आपली मांडणी तिथल्या मशीनवर लावून तपासू देतात. मी एकेक बटन दाबून बघितलं, रबर इथं, ग्राइंडर तिथं, सगळं ठीक. मधलं छोटं बटन मात्र मी बघितलं नाही. खेळ थांबवायचं बटन. घरी नंदितानं ते असं करून ठेवलेलं, की बराच वेळ दाबून धरल्याशिवाय चालतच नाही. तिथं नुसतं बोट लागलं की खेळ थांबतो, आणि मध्येच थांबवला की तो डाव गेला, असा नियम.

पहिला डाव तिनं घेतला. माझा एक ठोसा लागला नाही, एक! दुसरा डाव. हरलो तर संपलं. ती मारते, मी अडवतो, ती मारते, मी अडवतो, भाव उतरवत नाही, पोरं उभी राहिली, कोणी तरी "अंकल, अंकल" सुरू केलं, आणि तिनं उतावळेपणानं उडी घेतली, आणि मी... दिला! हलका ठोसा, त्यामागे दुसरा, त्यामागे उचलून आपटली! तिच्यात जीव उरला एवढासा! अजून एक हलका ठोसा, की डाव माझा!

आणि काय केलं मी?

तुम्ही धंद्यातले असाल तर ओळखलं असेल. दिवसाची पहिली विक्री, बोणी, हातात आली की आपण काय करतो? दोन्ही डोळ्यांना लावतो. सकाळपासून उपाशी बसलेला व्यापारी मी, पहिला माल सुटला, हात आपोआप वर गेले, आणि कंट्रोलर मी डोळ्यांना लावला. उजव्या, मग डाव्या. भक्तिभावानं. आणि माझ्या या नाकानं, आमच्या घराण्याचं नाक, ते मधलं बटन दाबलं.

खेळ थांबला. हॉल थांबला. काळ्या शर्टातला पंच आला, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, त्याला काही उमजेना. मी सगळं सांगितलं. श्रीनिधी चष्मा पुसत ऐकत होती. म्हणाली, "माझी पाटी फुलं विकते. तीही अगदी असंच करते, अंकल." म्हणजे आजी हो तिची. मला वाटलं, वाचलो, पोरगी आपल्यातली निघाली. मग तिनं चष्मा घातला. "पण डाव माझा."

कप गेला. ऑटोत नंदिता बाहेर बघत राहिली. मी म्हटलं, अगं, हात आपोआप गेले. ती म्हणाली, "काउंटर वाचलं ना, अप्पा?" तुम्हाला सांगतो, श्रीनिधीचा एकही ठोसा एवढा लागला नव्हता. घरी सीतालक्ष्मी म्हणाली, मी ओळखते तुम्हाला. दुसऱ्या दिवशी व्यंकोजीला कळलं, म्हणजे मांबलमला कळलं. आता मुद्दाम हरलो नाही हे पटवायचं कसं? साक्ष कोणाची काढू, नाकाची? एकच वाट होती. शनिवारी सकाळी शटर उघडलं, अर्धं काउंटर माझ्या हातानं पुसलं आणि नंदिताला म्हटलं, बस.

तिनं सोल्डरचं सामान मांडायला घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे खरंच नाकानं?"

मी म्हटलं, खरंच नाकानं.

एवढी हसली, की हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवावं लागलं.

आणि पहिलं गिऱ्हाईक कोण? श्रीनिधी! "अंकलसारखी मांडणी करून द्या." तिच्यामागे तिच्या मैत्रिणी, मैत्रिणींचे भाऊ, वेलचेरीहून, कुठून कुठून! शनिवार-रविवारचं काम रोज संध्याकाळचं झालं. झाकणाचं रबर मागायला आलेल्या मामी रांगेत उभ्या! मग नंदितानं एक ग्राइंडर माळ्यावर नेला. मी म्हटलं, अगं... म्हणाली, जे धावतं ते हातापाशी. मग दुसरा नेला. मग मिक्सीचा रॅक. मी काय बोलणार, वेद माझेच.

काल संध्याकाळी चार पोरं थांबलेली, जागा नाही, आणि ती माझी खुर्ची उचलून चालायला लागली. मी म्हटलं, नंदिता, ही कुठे?

ती जिन्यावर थांबली. नुसतं वर माळ्याकडे बघितलं.

तेव्हा आलात तर गल्ल्यापाशी शोधू नका. सरळ वर या. जिना थोडा उभा आहे, लग्नाच्या ग्राइंडरच्या पलीकडे बघा, मी तिथंच बसलेला असतो.