घरच्या पेशी

बोमी : सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेला हात लावू नका. सांगून ठेवते, सनबे, हात लावू नका.

मानसोक : अगं, ओरडतेस काय? खाली सगळे गाडीत बसलेत. माझ्या निरोपाचं जेवण आहे, आणि तू इथे पेशींच्या खोलीत दडून बसलीयेस. बेक सरांनी दोनदा विचारलं, बोमी कुठाय म्हणून.

बोमी : निरोपाचं जेवण आहे म्हणूनच बसलेय. सोमवारी तुम्ही जॉन्जूच्या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू होणार. मग तुम्हाला शोधायचं कुठे?

मानसोक : फोन आहे की माझा.

बोमी : तुम्ही सनबे, सीनियर. ज्युनियरचा फोन उचललाय कधी तुम्ही?

मानसोक : बरं बाई, बोल. काय बिनसलंय?

बोमी : तुम्ही दिलेल्या पेशींना निळा रंग लावला. डीएनए दाखवणारा, अंधारात चमकणारा.

मानसोक : कशाला? तुझ्या प्रबंधाला त्याची गरजच नाही.

बोमी : उद्या त्या नव्या आलेल्या जुहाला द्यायच्यात. सगळ्यांसमोर, दोन्ही हातांनी. ती बिचारी वाकून घेणार, जशा मी तुमच्याकडून घेतल्या. म्हटलं, देण्याआधी बघावं तरी आपण काय देतोय ते.

मानसोक : आणि चार ठिपके बघून घाबरलीस! रंग जुना झाला की होतं तसं. धूळ असते ती. चल, ऊठ.

बोमी : सनबे.

मानसोक : आता काय? अशी काय बघतेस?

बोमी : ठिपक्यांचं मी अजून बोललेच नाही.

मानसोक : बोललीस की.

बोमी : नाही बोलले. रंग लावला, एवढंच म्हटलं.

मानसोक : मग... अंदाजाने म्हटलं मी. रंग लावला की ठिपके दिसतातच कधीकधी.

बोमी : केंद्रकाच्या बाहेर? पेशीभर, रवा सांडल्यासारखे? तुम्ही पाहिले होते. माझ्या हातात त्या देण्याआधी पाहिले होते!

मानसोक : आवाज खाली कर.

बोमी : नाही करत! दोन वर्षं घालवलीयत मी या पेशींवर. आपल्या शोधनिबंधात काय लिहिलंय? पेशीतलं ते एक प्रथिन काढून टाकलं की पेशी स्वतःच्याच डीएनएला घाबरते. बाहेरचं काही आत नसताना धोक्याची घंटा वाजवते, शेजारच्या पेशींनाही सावध करते. केवढं कौतुक झालं! आणि बाहेरचं काही नव्हतं कुठे? जंतू बसलाय आत. मायकोप्लाझ्मा. पेशीचा पहारेकरी केंद्रकाबाहेर डीएनए दिसला की ओरडतो, तेवढंच त्याला येतं. त्याला जंतूचा डीएनए दिसला, तो ओरडला. पेशी खरं सांगत होती हो! आपणच तिला वेडी ठरवली.

मानसोक : काहीतरी बोलू नकोस. तुलनेसाठी प्रथिन न काढलेल्या साध्या पेशीही ठेवल्या होत्या. त्या गप्प होत्या, विसरलीस? जंतू असता तर त्याही ओरडल्या असत्या.

बोमी : त्या बाहेरून विकत आणलेल्या! बाहेरच्या म्हणून आपण त्या वेगळ्या कपाटात ठेवल्या, तपासल्या, मगच आत घेतल्या. आणि या घरच्या. सनबेने दिलेल्या पेशी तपासायच्या म्हणजे सनबेवर संशय घ्यायचा. एवढा उद्धटपणा करायला कुणाची छाती आहे इथे?

मानसोक : पेनिसिलिन असतं आपल्या द्रावणात. जंतू जगेल कसा?

बोमी : हे तुम्ही मला विचारताय? पेनिसिलिन जंतूच्या भिंतीवर घाव घालतं, या जंतूला भिंतच नाही. द्रावण गढूळ होत नाही, वास येत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही. तुम्हीच शिकवलंय मला.

मानसोक : बरं, समजा असेल. समजा! आज बोंब मारून काय मिळणार तुला? तुझा प्रबंध त्याच पेशींवर उभाय. तो गेला, तुझी पदवी गेली. माझ्याबरोबर तूही बुडशील.

बोमी : माहितीय मला.

मानसोक : माहितीय ना? मग जरा डोक्याने चाल. आईने गावाच्या तोंडाशी फलक लावलाय, प्योंच्या घरचा मानसोक प्राध्यापक झाला म्हणून. सगळ्या गावाला भाताचे गोड गोळे वाटलेत तिने. आता तिने तो फलक उतरवायचा? म्हातारीला काय सांगू मी?

बोमी : खरं सांगा. जुहा काय सांगणार मग तिच्या आईला? तीही माझ्यासारखीच वर्षं घालवणार, आणि शेवटी मीच तिला म्हणायचं, धूळ असते ग ती?

मानसोक : जुहाला दुसऱ्या देऊ. या जाळून टाकू गुपचूप. पाहिजे तर मी येऊन करतो ते काम. निबंध आहे तिथे राहील, त्याने कुणाचं काय बिघडतंय?

बोमी : तो वाचून दुसऱ्या कुणीतरी आपली वर्षं घातली असतील, त्यांचं?

मानसोक : तू फार बोलायला लागलीस हं. मी तुला पिपेट धरायला शिकवलं. तुझ्या आजारपणात तुझ्या पेशींना खाऊपिऊ कोण घालत होतं? मी!

बोमी : म्हणून तर अंगाचा तिळपापड होतोय माझ्या! दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं. तुमच्यावर विश्वास होता माझा. आणि तुम्ही हसत हसत घाण माझ्या गळ्यात मारलीत... सनबे, काच ठेवा खाली. सनबे! अहो, ब्लीचमध्ये काय टाकताय? मानसोक!

मानसोक : नावाने हाक मारलीस? मला?

बोमी : दुसरं काय म्हणू आता?

(दार ढकलून बेक सर आत येतात.)

बेक सर : काय चाललंय? गाडी सुरू करून बसलोय आम्ही. बोमी, तोंड धू आणि चल. मानसोकला दारूचा पहिला पेला तू ओतायचास आज. त्याची लाडकी ज्युनियर तू.

बोमी : मी ओतणार नाही, सर.

बेक सर : काय म्हणालीस?

बोमी : ओतणार नाही.

मानसोक : दमलीय ती, सर. प्रबंधाचा ताण. मी आणतो तिला, तुम्ही व्हा पुढे.

बेक सर : बोमी, सनबेच्या निरोपाला असं बोलतात? हेच शिकवलं मी इथे? माफी माग त्याची. आत्ताच्या आत्ता.

बोमी : नाही मागणार.

बेक सर : ही काय तऱ्हा झाली? आणि ब्लीचचा हा वास कसला? या भांड्यात काच कुणी टाकली?

मानसोक : ते... जुनी काच होती, सर.

बेक सर : जुनी? रंग अजून सुटतोय तिचा. रंग लावलेल्या काचा आपण डब्यात ठेवतो, ब्लीचमध्ये टाकत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं हे. कुणी टाकली?

मानसोक : मी टाकली.

बेक सर : का?

मानसोक : सर, गाडी थांबलीय खाली...

बेक सर : गाडी गेली खड्ड्यात! का टाकलीस?

मानसोक : तुम्हाला दिसू नये म्हणून.

बेक सर : काय दिसू नये? मानसोक, वर बघ. तुझ्या नावाची शिफारस मी माझ्या हाताने लिहिलीय. काय दिसू नये मला?

बोमी : सर, त्याच पेशींची दुसरी काच आहे माझ्याकडे. रंग लावून ठेवलीय.

मानसोक : बोमी, नको ना. हात जोडतो.

बेक सर : खाली फोन कर, मानसोक. आमची वाट बघू नका म्हणावं, जेवून घ्या.

मानसोक : सर...

बेक सर : फोन कर म्हटलं ना? आणि तू, बोमी, दिवा मालव. मला बघू दे.