जुन्या टेपा पुसायच्या आधी

अमरावती-अकोला बस. पुढच्या सीटवर एक म्हातारी, शेजारी गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस.

"काय काम करता बापू?"

"कॉम्प्युटरमधलं सारं टेपांवर जपून ठेवतो, मावशी. आता टेपांचं नवीन मशीन आलं. जुन्या टेपांवरचं त्याच्यात हलवून राहिलो."

"मंग जुन्या पुसता?"

"लगेच नाही. नवीन टेप पुरी वाचून पाहतो. सारं बरोबर उतरलं, तरच जुनी पुसतो."

"एवढं थांबता?"

"थांबाच लागते. एकदा पुसलं की वापस येत नाही."

"आमच्या पोरानं, श्यामनं, मले अकोल्याले आणलं, अन् त्याच हप्त्यात वलगावचं घर इकलं."

"करमते का अकोल्याले?"

म्हातारी मांडीवरची पिशवी सारखी करते.

"आता कुठून येऊन राहिल्या?"

"वलगावूनच. दाराले दुसऱ्याचं कुलूप हाये. पायरीवर बसून आली."